एकुलत्या एकांची भिशी

“बाबा, सगळं एकाच ठिकाणी ठेवायचं नाही म्हणतोस, मग तुला मुलगी एकच कशी?”

ईप्सिताने हा प्रश्न भर सभेत विचारला. हात वर करून, माइक मागून घेऊन, उभी राहून. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याहून वेगळं काही नसतं, पण त्या क्षणी तिला तसं मुळीच वाटलं नाही. तिला एवढंच दिसत होतं, की मागच्या रांगेत ऋचा आणि अवनी एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून गुदमरतायत आणि आपण एक मोठ्ठं स्पागेटी-आइस, म्हणजे शेवयांसारखं आइस्क्रीम, जिंकलोय.

पैज त्या दोघींचीच. “तू विचारणारच नाहीस,” ऋचा म्हणाली होती. “उभी राहशील, चष्मा पुसशील आणि खाली बसशील.”

“आणि विचारलंसच,” अवनी म्हणाली, “तर तुझा बाबा तुला घराबाहेर काढेल. मग आमच्याकडे ये राहायला. आमची आई कुणालाही जेवायला घालते.”

अवनी हे गमतीत बोलली. पुढे जे झालं ते पाहता तिने तेव्हाच जीभ चावायला हवी होती.

खरं तर गेल्या वर्षीपर्यंतची ईप्सिता असती तर ती चष्मा पुसून खालीच बसली असती. वर्गात नाव पुकारलं तरी तिचा आवाज चपलेतून यायचा. पण मग ती र्‍हाइनवरच्या नौकानयन क्लबात गेली. वल्हं मारायला ती फारच छोटी होती, म्हणून तिथल्या ट्रेनरबाईंनी तिला आठ जणींच्या बोटीत सगळ्यात मागे बसवलं, सुकाणूच्या दोऱ्या हातात दिल्या आणि सांगितलं, तुझं काम ओरडायचं. ईप्सिता ओरडली. पलीकडच्या काठावरचा एक कुत्रा खाली बसला. आपल्या पोटात एवढा मोठा भोंगा आहे हे तिला चौदा वर्षं माहीतच नव्हतं. आता माहीत झालं होतं आणि ती तो जिथे जागा मिळेल तिथे वाजवून बघत होती.

तर ती सभा. जर्मनीतल्या लुडविग्सहाफेनमधल्या मराठी मंडळींनी चर्चचा एक हॉल भाड्याने घेतला होता, सामोसे आणले होते आणि बाबाचं भाषण ठेवलं होतं. विषय: युरोपात राहून बचत करणाऱ्यांनी शांत झोप कशी घ्यावी.

बाबाचं नाव शिरीष. केमिकल कंपनीत इंजिनियर. तिथे एक पंप बंद पडला की दुसरा आपोआप सुरू व्हावा, हे बघणं त्याचं काम, आणि हे काम तो घरी येताना कंपनीत ठेवून येत नसे. घरात दोन कुकर होते, एक खराब झाला तर म्हणून. छत्र्या तर इतक्या, की पाऊस पडला की पाहुण्यांना निवडीचं दडपण यायचं. या सगळ्याचं मूळ एका सहलीत होतं. ईप्सिता लहान असताना आईने सगळ्यांच्या पोळ्या, भाजी, लाडू एकाच सॅकमध्ये भरले आणि ती सॅक रेगिओनालबान गाडीत राहिली. गाडी कायझर्सलाउटर्नकडे गेली, पोळ्याही गेल्या. जंगलाच्या मध्यभागी उपाशी उभ्या राहिलेल्या बाबाला साक्षात्कार झाला, की आयुष्यात सगळं एका सॅकमध्ये भरायचं नाही.

भाषणात तो हेच सांगत होता. श्पारबूखात, म्हणजे बँकेच्या बचत खात्यात, पैसे ठेवले तर ते सुरक्षित असतात, फक्त दर वर्षी थोडे आटतात, लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात धुतल्यासारखे. सगळे आपल्याच कंपनीच्या शेअरमध्ये घातले तर नोकरी आणि पुंजी एकाच दिवशी जाते. सगळे पुण्यातल्या फ्लॅटमध्ये घातले तर... इथे सगळ्यांनी ऋचाच्या बाबांकडे, म्हणजे दत्ताकाकांकडे बघितलं, कारण त्यांचा हिंजवडीचा फ्लॅट गेली कित्येक वर्षं ‘येत्या दिवाळीला’ मिळणार होता. दत्ताकाकांनी सामोशात लक्ष घातलं.

“म्हणून,” बाबा म्हणाला, “अख्ख्या जगाचा थोडा थोडा तुकडा घ्यायचा. महिन्याला ठरलेला हप्ता, वीस वर्षं. ईप्सिताच्या खाऊच्या पैशांचंही मी तेच केलंय. अधूनमधून तोलायचं. जे वधारलंय त्यातलं थोडं विकायचं, जे पडलंय ते थोडं घ्यायचं. आणि मुख्य म्हणजे रोज भाव बघायचा नाही! रोज भाव बघणारा माणूस मूळ वाढलंय का ते बघायला रोज रोप उपटतो.”

टाळ्या झाल्या. काही प्रश्न? आणि ईप्सिताने हात वर केला.

प्रश्न पडला आणि हॉलभर सामोसे तोंडापाशीच थांबले. कारण त्या हॉलमध्ये सात कुटुंबं होती आणि सातही घरांत मूल एकेकच होतं. चौदा आईबाप एकमेकांकडे असे बघायला लागले, की जणू सगळ्यांच्या सॅका एकाच गाडीत राहिल्यात.

बाबा रागावेल, असं ऋचाला वाटलं. हसेल, असं अवनीला वाटलं. बाबाने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“मुद्दा आहे,” तो म्हणाला.

*

पुढचे पंधरा दिवस बाबा ईप्सिताकडे, इंजिनियर गळक्या पाइपकडे बघतो तसा बघत होता. ती शिंकली की त्याचा चेहरा पडायचा. तिने सायकल काढली की तो म्हणायचा, “आल्झो, तर सगळी पुंजी चालली दोन चाकांवर, हेल्मेट घाल.”

मग एका रविवारी त्याने सातही कुटुंबांना घरी बोलावलं. अवनीची आई, साधनाकाकू, मंडळातल्या बायकांची भिशी चालवायच्या. दर महिन्याला सगळ्या जणी ठरलेली रक्कम घालायच्या आणि एकीला जमलेले सगळे पैसे मिळायचे. एक हप्ता कधी चुकला नव्हता. बाबाने नेमका त्यांच्याकडे हात केला.

“साधनाताई जे पैशांचं करतात, ते आपण मुलांचं करू. प्रत्येक घराने आपलं मूल मध्ये टाकायचं आणि सगळ्या मुलांचा सातवा हिस्सा घ्यायचा. उद्या एक मूल बिघडलं तर सगळ्यांचं थोडं थोडं बिघडेल, कुणीच पूर्ण बुडणार नाही. आणि एक जरी चमकलं तरी सातही घरं चमकतील.”

“शिरीष, तुला ताप आहे का?” आईने विचारलं. आई, म्हणजे मीनल, मानहाइमच्या सॉफ्टवेअर कंपनीत होती आणि कुठल्याही योजनेत पहिला बग तिलाच दिसायचा. “आणि मुलं राहणार कुठे?”

“आपापल्या घरीच. घर म्हणजे डेपो. शेअर एका बँकेच्या डेपोत पडून असतात, मालक कुठेही असू दे.”

“मी डेपोत पडून असणार?” ईप्सिता ओरडली. कपाटातल्या बश्या वाजल्या.

“अहो शिरीषराव,” साधनाकाकू विचार करत म्हणाल्या, “म्हणजे गुरुवारी अवनीला दातांच्या डॉक्टरकडे दुसरं कुणी नेईल?”

“गेनाऊ! अगदी तेच. पाळीपाळीने.”

इथे आईचा विरोध मावळला. ईप्सिताच्याही दातांना तारा होत्या आणि आईचीही दर गुरुवारी मीटिंग असायची. दत्ताकाका तर उठून उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना एखाद्या योजनेत ताबा लगेच मिळत होता.

ईप्सिताला एकच आशा होती: शाळा. जर्मन शाळा असला वेडेपणा चालवून घेणार नाही. वर्गशिक्षिका फ्राऊ क्लाइनश्मिट यांच्याकडे बाबा स्वतः गेला आणि सगळं समजावून सांगितलं, की इथून पुढे पालकसभेला ईप्सिताचे सातव्या हिश्शाचे पालक फिरून फिरून येतील. बाईंनी हनुवटीला पेन लावलं.

“ही संस्था फेराइन म्हणून, रीतसर मंडळ म्हणून, नोंदवली आहे का?”

“नोंदवायची आहे. त्याला सात सभासद लागतात ना? आहेत.”

“मग माझी काही हरकत नाही,” फ्राऊ क्लाइनश्मिट म्हणाल्या आणि पुढच्या पालकाला आत बोलावलं.

*

सुरुवातीला मजा आली, हे ईप्सितानेही नाकारलं नसतं. तिच्या वाढदिवसाला सात घरांतून केकचा एकेक तुकडा आला आणि ताटात सगळे जोडून गोल केला: चॉकलेट, आंबा, रव्याचा, बिनअंड्याचा, एक चक्क ढोकळा. मेणबत्ती ढोकळ्यावर लावली. शाळेच्या फोटोच्या दिवशी एका वेणीला एक काकू आणि दुसरीला दुसऱ्या, त्यामुळे फोटोत ती दोन वेगवेगळ्या मुलींना मधोमध चिकटवल्यासारखी दिसली. दत्ताकाका तिला पोहे कसे करायचे ते शिकवून गेले. एका काकांनी तिला बुद्धिबळात हरवलं आणि जाताना समाधानाने म्हणाले, “माझी गुंतवणूक विचार करते, पण हळू.”

मग जानेवारीअखेर सहामाही प्रगतिपुस्तकं आली आणि बाबाने सगळ्यांना तोलायला बसवलं.

ईप्सिताला जवळपास सगळीकडे एक होता, आणि जर्मनीत एक म्हणजे सगळ्यात चांगला. शिवाय उन्हाळ्यातल्या शर्यतीसाठी क्लबाने तिला पहिल्या बोटीवर घेतलं होतं. अवनीला गणितात पाच, लॅटिनमध्ये पाच, आणि केस निळे.

ईप्सिता छाती काढून बसली होती. तिला वाटलं, आता बाबा म्हणणार, शाब्बास.

“ईप्सिता फार वधारली आहे,” बाबा गंभीरपणे म्हणाला. “विका.”

“काय?”

“अगं, नियमच आहे तो. वधारलेलं थोडं विकायचं, पडलेलं घ्यायचं. अवनी सध्या फार स्वस्तात आहे.”

“थँक यू, काका,” अवनी म्हणाली.

बाबाने ईप्सितातला आपला हिस्सा थोडा विकला, म्हणजे तिला द्यायचे काही तास अवनीला दिले. ते बघून दत्ताकाकांनी विकला. बाकीच्यांनीही थोडा, मग आणखी थोडा विकला. जो तो हेच समजून चालला, की आपण थोडंच विकतोय, बाकीचे आहेतच की. संध्याकाळपर्यंत ईप्सिताकडे कुणाचाच एकही तास उरला नव्हता आणि अवनीच्या दारात आठ जोड बूट होते.

त्याहून वाईट होतं ते जेवणाचं टेबल. रोज भाव बघायचा नाही हा बाबाचा नियम, आणि बाबा नियमाला पक्का. पूर्वी तो आमटी वाढता वाढता विचारायचा, “काय मग, आज कुणावर ओरडलीस?” आता तो तिच्या डोक्यावरच्या भिंतीकडे बघून जेवायचा.

“बाबा, आज आमची बोट पुलाखालून गेली ना, तेव्हा मी अशी ओरडले की वरून जाणारी ट्राम...”

बाबा भिंतीकडे.

“शिरीष, ती समोर बसली आहे,” आई म्हणाली.

“माहिती आहे गं. पण बघितलं की विकावंसं वाटतं, नाहीतर आणखी घ्यावंसं वाटतं. दोन्ही वाईट. वीस वर्षांनी एकदम बघू.”

“वीस वर्षांनी मी पस्तीस वर्षांची असेन!” ईप्सिता म्हणाली.

“हो,” बाबा भिंतीला म्हणाला, “तोच तर फायदा.”

ईप्सिता ताटावरून उठली. एवढा मोठा भोंगा पोटात असून त्याचा समोरच्या एका माणसावर काही उपयोग होत नाही, हे तिला त्या दिवशी कळलं, आणि त्या रात्री उशी ओली झाली ती बोटीतल्या पाण्याने नव्हे.

*

तिकडे अवनीचे हाल कुत्रं खाईना.

गणिताच्या पेपरच्या सकाळी चौदाही आईबाप तिच्या शाळेच्या फाटकाशी हजर. प्रत्येकाच्या हातात वाटी. पेपरला जाताना हातावर दही-साखर घालायची, हे कोण सोडणार? आणि दुसऱ्याचं घेतलं, माझं नाही, असं कसं चालणार? चौदावा चमचा गिळेपर्यंत अवनीचे डोळे मिटायला लागले. पेपरात दुसऱ्याच गणितावर ती डोकं टेकवून झोपली. पुन्हा पाच.

“आणखी पडली!” बाबा फोनवर म्हणाला, आणि त्याच्या आवाजात दुःख होतं की आनंद, ते सांगणं कठीण होतं. “घ्या, घ्या, अशी संधी परत येणार नाही.”

जितकी ती पडे तितके ते घेत, आणि जितके ते घेत तितकी ती पडे. एक जण लॅटिनला, एक जण केसांना तेल लावायला, एक जण नुसताच सोफ्यावर बसून “काळजी करू नकोस” म्हणायला.

ऋचाने सगळ्यात आधी यातली गोम ओळखली. एप्रिलमध्ये तिला गणितात पाच मिळाला आणि दत्ताकाका, जे तिच्या लहानपणापासून लॅपटॉपच्या मागेच राहत होते, ते चार दिवस लागोपाठ तिच्याबरोबर सायकल चालवायला आले.

“माहितीये, किती अवघड असतं?” ती ईप्सिताला म्हणाली. “मला सगळं येत होतं! बरोबर उत्तर शोधायचं, मग ते नसेल असं उत्तर शोधायचं. डबल अभ्यास.”

शर्यतीच्या आदल्या दिवशी तिघी क्लबाच्या धक्क्यावर पाय सोडून बसल्या होत्या. कबूल केलेलं स्पागेटी-आइस आत्ता कुठे मिळालं होतं, तेही तिघींत एक.

“उद्या तुझ्याकडे कोण येतंय?” अवनीने विचारलं.

“कुणी नाही. मी पूर्ण विकली गेले आहे. सगळे तुझ्याकडे येणार. सोमवारी तुझी गणिताची फेरपरीक्षा ना?”

“दही घेऊन,” अवनी म्हणाली आणि तिला उचकी लागली.

ऋचा थोडा वेळ चमचा चाटत राहिली. मग म्हणाली, “पड.”

“काय?”

“तूही पड. त्या वळणापाशी लव्हाळी आहेत ना, त्यात घाल बोट. सगळ्या क्लबादेखत. असा भाव पडेल तुझा, की बाबा रात्रीच्या आत परत घेईल तुला. आम्ही तिथेच उभ्या राहतो, खूण करतो. हिंमत आहे?”

ही दुसरी पैज. ईप्सिताने होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. तिने फक्त व्हॅनिलाची शेवटची शेव ओढून घेतली.

*

रविवारी र्‍हाइनच्या जुन्या फाट्यावर ऊन होतं, झेंडे होते, ब्रेझेल पावाचा स्टॉल होता आणि प्रत्येक मुलीचं कुणी ना कुणी होतं. लेओनीची आजी तर घडीची खुर्ची, चादर आणि शिट्टी घेऊन आली होती. ही लेओनी म्हणजे बोटीत ईप्सिताच्या अगदी समोर बसणारी, जिच्या लयीवर बाकीच्या सात जणी वल्हं मारतात.

“तुझे कुठे बसलेत?” लेओनीने विचारलं.

“ते लांब पल्ल्याचे आहेत,” ईप्सिता म्हणाली.

बंदूक वाजली. बोट सुटली. ईप्सिता ओरडायला लागली, आधी जर्मनमध्ये, मग नेहमीप्रमाणे जोर चढला तसं मराठीत, कारण “हाण!” या शब्दात जो दम आहे तो तिला दुसऱ्या कुठल्या भाषेत सापडला नव्हता. आठही जर्मन मुलींना आता तो शब्द पाठ होता. हाण! बोट पाणी कापत निघाली. हाण! उजवीकडची बोट मागे पडली.

आणि वळण आलं. लव्हाळ्यांत दोन डोकी दिसली, त्यातलं एक निळं. दोघी हात हलवत होत्या. इकडे, इकडे!

ईप्सिताने काठावर नजर फिरवली. झेंडे, आज्या, शिट्ट्या. तिचं कुणी नाही. डाव्या हातातली दोरी जराशीच ओढायची. अर्धा इंच. मग चिखल, हसू, लाज, आणि घरी आमटी वाढता वाढता बाबा भिंतीकडे न बघता तिच्याकडे बघेल. म्हणेल, काय मग?

दोरी ओढली गेली. बोटीचं नाक लव्हाळ्यांकडे वळलं.

लेओनीला ते कळलं नाही. कळणार कसं? वल्ही मारणाऱ्या सगळ्या जणी पाठमोऱ्या बसतात. पुढे काय आहे ते त्यांना दिसत नाही, दिसतो फक्त मागे बसलेल्या मुलीचा चेहरा. लाललाल झालेली, घामाने निथळणारी लेओनी ईप्सिताच्या चेहऱ्याकडे बघत होती आणि जीव तोडून ओढत होती. भिंतीकडे नाही. चेहऱ्याकडे.

“हाऽऽऽण!” ईप्सिता किंचाळली आणि उजवी दोरी अशी खेचली की बोट लव्हाळ्यांच्या शेंड्यांना घासून सरळ झाली. निळं डोकं तुषारांनी भिजलं. शेवटच्या टप्प्यात तिने इतका आवाज काढला, की नंतर दोन दिवस ती खुणांनीच बोलणार होती.

त्यांची बोट पहिली आली.

आता बोटींच्या जगात एक जुनी रीत आहे. जिंकलेल्या बोटीच्या सुकाणूवालीला तिच्याच मैत्रिणी उचलतात आणि पाण्यात फेकतात. फार मोठा मान असतो तो. हे क्लबातल्या सगळ्यांना माहीत होतं, लेओनीच्या आजीला माहीत होतं, बहुधा त्या कुत्र्यालाही. आठ दणकट मुलींनी आरोळी ठोकून ईप्सिताचे हातपाय धरले, एक झोका, दोन झोके...

“अरे, मारतायत तिलाऽऽ! सोडा! लोस्लासन!”

ब्रेझेलच्या स्टॉलमागून एक माणूस बाहेर पडला. गळ्यात दुर्बीण, डोक्यावर ओळखू येऊ नये म्हणून घातलेली फिशिंगची टोपी, हातात अर्धं ब्रेझेल. तो धक्क्यावरून धावत आला आणि बुटांसकट, दुर्बिणीसकट पाण्यात उडी घेतली. बाबा!

त्याच क्षणी बोटींच्या शेडमागून एक सायकल सुटली. तिच्यावरची बाई सायकल तशीच टाकून, “ईप्सूऽऽ!” करत दुसऱ्या बाजूने पाण्यात पडली. आई!

पाणी छातीएवढंच होतं. तिघंही उभी राहिली. ईप्सिता मध्ये, एका बाजूला बाबा, एका बाजूला आई, आणि बाबाचं ब्रेझेल हळूहळू प्रवाहाला लागलेलं.

“तू अवनीकडे होतास ना?” आई बाबाला म्हणाली.

“तू ऋचाकडे जाते म्हणालीस!”

“मी आपली सहज... सायकलला व्यायाम म्हणून...”

“अवनीकडे आता कोण आहे?” ईप्सिताने विचारलं.

“बाकी सगळे आहेत की,” बाबा म्हणाला. “ती आपल्या खोलीत अभ्यास करते आहे.”

लव्हाळ्यांतून निळं डोकं वर आलं. “हालो, काका,” अवनी म्हणाली. सकाळपासून बारा आईबाप तिच्या बंद खोलीबाहेर वाट्या घेऊन बसले होते आणि प्रत्येकाला वाटत होतं, आत दुसरं कुणीतरी बघतंय.

बाबाने ओली टोपी काढली. “हे बघ ईप्सिता, मी भाव बघायला आलो नव्हतो. म्हणजे... एकदाच. या वर्षात पहिल्यांदाच.”

“पहिल्यांदा?” आई म्हणाली. “रोज सकाळी हिच्या सायकलचा दिवा पुलापलीकडे जाईपर्यंत स्वयंपाकघराच्या खिडकीत कोण उभा असतो? दूध उतू जातं रोज!”

“तुला कसं कळलं?”

“कारण मी बाल्कनीत असते!”

बाबाने दुर्बिणीतलं पाणी ओतून टाकलं. बरंच निघालं.

धक्क्यावर आठ मुली, एक आजी, ट्रेनरबाई आणि ब्रेझेलवाला असे सगळे जमून खाली बघत होते. ईप्सिताचा आवाज जवळजवळ गेला होता. उरला होता तेवढा तिने गोळा केला, डोळ्यांवरचे ओले केस मागे सारले आणि आधी बाबाकडे, मग आईकडे बघितलं.

“मी ठरवलंय,” ती म्हणाली. “माझे खाऊचे पैसे जगभर पसरलेत ना, ते तसेच राहू देत वीस वर्षं, ते पैसेच आहेत. पण आईबाप मला चौदा झालेत, त्यातले बारा मी आज सोडतेय. साधनाकाकूंचे लाडू तेवढे चालू राहतील. उरलेत ते तुम्ही दोघं.”

“दोघांतच सगळं?” बाबाच्या तोंडून सवयीने निघालं. “ईप्सिता, जोखीम फार आहे.”

“माहितीये. आत्ताच बघितली, बुटांसकट उडी मारताना. तरी सगळंच्या सगळं तुमच्यात. पडलात तर विकणार नाही, वधारलात तरी विकणार नाही. आणि बाबा, भाव मी रोज बघणार, जेवताना, समोर बसून. त्या भिंतीपुढे मी आज एक मोठं कपाट सरकवून घेणार आहे.”